भुवई कुठल्या भाषेत मोडते

नोटीस लिहिली मी, छापली मी आणि चार टाचण्या मारून भिंतीवर लावलीही मीच. एवढं कबूल केलं की पुढचं सांगायला मी मोकळा.

आमच्या वृद्धाश्रमाचे मालक टिबेट्स साहेब यांनी सोमवारी दुपारी मला बोलावलं आणि 'कामाच्या वेळेत फक्त इंग्रजीतच बोलावे' असा एक कागद लावायला सांगितलं. दहा मिनिटांचं काम आहे, म्हणाले. माझ्या आयुष्यात दहा मिनिटांचं कुठलंही काम तीन आठवड्यांच्या आत संपलेलं नाही. पण मी नुकताच पाळीप्रमुख झालो होतो, आणि पाळीप्रमुखाला छातीवर लावायला वेगळ्या रंगाचा बिल्ला मिळतो. बिल्ला लावलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही. माझ्या बिल्ल्यावर 'अर्नेल दिमायुगा' हे नाव बरोबर लिहिलेलं होतं, ही अमेरिकेतल्या आमच्या वलेहो गावातल्या कुठल्याही कचेरीत साधी गोष्ट नव्हे.

कारण घडलं होतं चौदा नंबरच्या खोलीत. तिथे ब्रँट आजोबा तीन वर्षं झोपून आहेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं जवळपास थांबलंच. माझ्याशी तीन वर्षांत ते एकदाच बोलले होते, आणि तेव्हा 'मीठ' एवढंच म्हणाले होते. त्या सोमवारी सकाळी त्यांची मुलगी जॅनिसबाई भेटायला आली, तेव्हा आतून हसण्याचा गदारोळ ऐकू येत होता. आत माझी लुदीमावशी आणि तिची जोडीदारीण मर्लीताई आजोबांची चादर बदलत होत्या, आणि आमच्या फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत काहीतरी बोलून इतक्या हसत होत्या की मर्लीताईला पलंगाचा कठडा धरावा लागला होता. जॅनिसबाईंनी दाराआडून फोनवर दोन मिनिटं दहा सेकंद ते सगळं टिपून घेतलं आणि मालकांकडे तक्रार केली, की या बायका माझ्या आजारी बापाची त्याच्यासमोर टिंगल करतात आणि त्या गरीब माणसाला ती समजतसुद्धा नाही.

मी मावशीला विचारलं, कशावर हसत होतात? "काही नाही रे," म्हणाली, आणि टॉवेलच्या घड्या घालायला लागली. आदल्या शनिवारी माझ्या हातून एक गोष्ट घडली होती, पण तिचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही, त्यामुळे ती मी इथे सांगणार नाही.

लुदीमावशी माझ्या आईची सख्खी बहीण. मी तिच्या घरात मागच्या खोलीत राहतो आणि तिच्या हातचं जेवतो. तिची नोकरी संपायला दोन वर्षं उरली आहेत, आणि काकांच्या हृदयाच्या गोळ्या तिच्या नोकरीबरोबर येणाऱ्या विम्यावर चालतात. हे सगळं मला माहीत होतं. तरीही कागदाच्या तळाशी 'तीन लेखी ताकिदी झाल्यास नोकरीवरून कमी करण्यात येईल' हे वाक्य मी ठळक अक्षरांत टाकलं. दिसायला चांगलं दिसत होतं.

कागद भिंतीवर जायच्या आधी मालकांच्या मेहुण्याला दाखवायचा होता. मेहुणे पर्किन्स हे वकील. कुत्रा चावल्याच्या खटल्यांत त्यांचं मोठं नाव आहे. त्यांनी कायदा चाळला आणि सांगितलं की असा नियम मालकाला वाटलं म्हणून करता येत नाही, कामाला त्याची खरोखरच गरज असावी लागते. मालक म्हणाले, बाई ओरडतेय, ही गरज नव्हे का? पर्किन्स म्हणाले की बघू. शिवाय नियम कधी लागू, कुठे लागू, मोडला तर काय, हे कामगारांना आधी नीट समजावून सांगायला हवं. मधल्या सुट्टीत लावता येणार नाही. आणि ज्यांना इंग्रजी कमी समजतं त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलेलं बरं, नाहीतर उद्या कोर्टात ते म्हणतील की आम्हाला कळलंच नाही.

तेव्हा टागालोग बोलू नये अशी एक नोटीस मी सुबक टागालोगमध्ये लिहिली. मंगळवारी सकाळी सगळ्यांना जमवून ती मोठ्यानं वाचून दाखवली. वाचन संपलं तसा मर्लीताईनं हात वर केला. नियम आजपासून लागू आहे का, तिनं विचारलं. मी म्हटलं, सकाळी सातपासून. तिनं घड्याळ बघितलं. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मग ही पहिली ताकीद कुणाला, असं तिनं अतिशय शुद्ध इंग्रजीत विचारलं.

मी स्वतःला ताकीद लिहिली. 'देणाऱ्याची सही' आणि 'घेणाऱ्याची सही' अशा दोन्ही रेघांवर सही केली. नमुन्यात 'आपले म्हणणे' असाही रकाना होता. तिथे 'पश्चात्ताप झाला' असं लिहिलं.

दुसरी ताकीदही मलाच मिळाली. नियम बरोबर आहे का, हे पक्कं करायला मी सरकारच्या कामगार खात्याला फोन लावला. तिथला आवाज म्हणाला, टागालोगसाठी पाच दाबा. बोट सवयीनं पाचवर गेलं. पलीकडे एक फार गोड बाई होत्या, त्यांचं माहेर आमच्या मूळ बातांगासपासून दोन गावं सोडून. बारा मिनिटं बोललो, त्यातली दहा त्यांच्या गावच्या कॉफीबद्दल होती. फोन ठेवून वळलो तर दारात मर्लीताई कोरा नमुना घेऊन उभी.

मला कुणी काढेल ही भीती नव्हती, कारण काढायचं पत्र लिहायचं झालं तर ते मलाच लिहावं लागलं असतं. भीती मावशीची होती. पहिल्याच आठवड्यात तिचं बोट पलंगाच्या कठड्यात सापडलं आणि ती "आराय" असं ओरडली. आमच्याकडे दुखलं की असंच ओरडतात. मालक दाराशीच होते. ही इंग्रजी नाही, म्हणाले. मी पर्किन्सना विचारलं की कळ हीसुद्धा भाषा धरायची का. कुत्रा चावल्यावर माणूस ज्या भाषेत ओरडतो ती माफ असावी असं त्यांचं मत पडलं, पण पलंगाबद्दल ते खात्रीनं सांगू शकत नव्हते. मावशीला पहिली ताकीद गेली. दुसरी चारच दिवसांनी गेली, कारण गाद्या झाडताना ती जपमाळेची प्रार्थना पुटपुटत होती, आणि प्रार्थना मधल्या सुट्टीत करावी असं मालकांना वाटलं.

ती ताकीद माझ्याच हातून घेऊन मावशी घरी आली, फ्रिजवर चुंबकानं लावली आणि जेवायला वाढलं. घरात काही कामाचे तास नसतात, पण तिनं ते सुरू केले होते.

"श्रीयुत दिमायुगा," ती इंग्रजीत म्हणाली, "आपण भात घेणार आहात काय?"

मी म्हटलं, मावशी, असं काय करतेस?

"खारवलेला मासा संपलेला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मासा संपला नव्हता. काकांच्या ताटात दोन होते. काका खाली मान घालून काटे काढत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि गोळी घ्यायची वेळ झाली तेव्हा डबी माझ्यासमोरून जरा हळूच उचलली.

शेजारचे मांदोय आरमारातून निवृत्त झालेले स्वयंपाकी. जगातले सगळे कायदे त्यांना पाठ, कारण सगळे त्यांच्यावर कधी ना कधी लागले होते. कुंपणावरून त्यांनी मला सल्ला दिला की काहीही लेखी देऊ नकोस. मी म्हटलं, चार दिलेत. मग म्हणाले, आता सगळं लेखीच घे. दुसऱ्या दिवशी म्हणाले की मावशीला सांग, कामावर तोंडच उघडू नको, न बोललेल्या शब्दाला भाषा नसते.

हा सल्ला मावशीनं घेतला आणि सगळ्या बायकांना वाटला. दुसऱ्या आठवड्यापासून आमचा वृद्धाश्रम मुका झाला.

आता आम्हा लोकांना बोलायला तोंड लागतं असं नाही. 'हो' म्हणायचं तर भुवया वर उडवल्या की झालं. आणि वस्तू कुठे आहे ते बोटानं दाखवायची पद्धत नाही, एकतर बोटं कामात असतात आणि दुसरं म्हणजे ते बरं दिसत नाही. ओठ पुढे काढायचे आणि वस्तूकडे न्यायचे. हे कुणी शिकवत नाही, दात यायच्या आधी येतं.

टिबेट्स साहेब विचारायचे, सात नंबरला आंघोळ घातली का? समोरची बाई भुवया उडवायची. साहेबांना वाटायचं की हिला आंघोळीचंच आश्चर्य वाटतंय. ते परत विचारायचे, ती परत उडवायची. तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे आले. अर्नेल, म्हणाले, भुवई इंग्रजीत मोडते का? मी पर्किन्सना फोन केला. पर्किन्सनी 'थांबा' म्हणून फोन टेबलावर ठेवला. बहुधा आरशासमोर गेले असावेत.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. ब्रँट आजोबांनी जेवण टाकलं होतं. सूप तसंच परत जायचं. मान भिंतीकडे. जॅनिसबाईंनी निष्कर्ष काढला की या बायका सूड म्हणून बापाशी तुसडेपणानं वागताहेत, आणि खातरजमा करायला त्या नवऱ्याला घेऊन आल्या. नवऱ्याचं नाव डेल. शांत माणूस, जिथे उभा कराल तिथे उभा राहतो. त्या दिवशी तो कपाटासमोर उभा होता.

बाईंनी विचारलं, बाबांचं पांघरूण कुठे आहे? मावशीनं ओठ पुढे काढले आणि डेलच्या दिशेनं नेले.

डेल कानापर्यंत लाल झाला. मावशीला वाटलं, यांना दिसलं नाही. तिनं ओठ आणखी पुढे काढले.

दुसऱ्या दिवशी डेल एकटाच आला. नवा सदरा, अत्तर, गुळगुळीत दाढी. सासऱ्यांची चौकशी करायला आलोय, म्हणाला, आणि तासभर कपाटासमोर उभा राहिला. संध्याकाळपर्यंत जॅनिसबाईंची दुसरी तक्रार माझ्या टेबलावर आली. त्रेसष्ट वर्षांच्या माझ्या मावशीवर, काकांच्या तब्येतीसाठी रोज मेणबत्ती लावणाऱ्या बाईवर, परपुरुषाला चुंबन दिल्याचा आरोप होता. मालक म्हणाले, आता पुरे. शुक्रवारी सुनावणी घेऊ. जॅनिसबाई ते टिपलेलं बोलणं आणणार आहेत. बाईंचं म्हणणं खरं निघालं तर तिसरी ताकीद. कागद तयार ठेव.

कागद मी तयार ठेवला. मावशीचं नाव लिहिताना पेन दोनदा थांबलं. शाई संपली होती असं मी स्वतःला सांगितलं.

आजोबा खोलीतून हलायला तयार नव्हते म्हणून सुनावणी चौदा नंबरमध्येच भरली. टिबेट्स साहेब, पर्किन्स वकील, जॅनिसबाई, मावशी, मर्लीताई आणि मी. डेलला घरी ठेवलं होतं. दुभाषा बोलवायचा तर खर्च येतो, म्हणून साहेब म्हणाले, अर्नेल आहे की. जे ऐकू येईल ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगायचं, एक शब्द गाळायचा नाही.

बाईंनी फोन पलंगाजवळच्या टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. मर्लीताईचा आवाज आला: "अगं, पण बसमध्ये बसवलं कुठं त्यानं तिला?"

त्या एका वाक्यात मला सगळं कळलं. हा माझा शनिवार होता.

खोली माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हवापाण्याबद्दल बोलताहेत म्हणून सांगावं. पण हवापाण्यावर कठडा धरून कुणी हसत नाही. मावशी माझ्याकडे बघत नव्हती. तिनं एक टॉवेल घडी केला, उलगडला आणि परत घडी केला. तीन वर्षं मी तिच्या घरात जेवतोय. माझ्यासाठी तिनं कधी मोजून वाढलं नाही.

"त्या माझ्याबद्दल बोलताहेत," मी म्हणालो. "मी डुक्कर बसमधून आणलं त्याबद्दल."

पर्किन्सनी पेन उघडलं.

मग मला सगळं सांगावं लागलं, वाक्य थांबवून, वाक्य चालू करून. शनिवारी काकांचा साठावा वाढदिवस. भाजलेलं आख्खं डुक्कर दुकानातून आणायचं काम माझ्याकडे होतं. गाडी चालवायच्या परीक्षेत मी चार वेळा नापास झालेलो असल्यामुळे बसनं गेलो. चालक म्हणाला, उघडं खाणं बसमध्ये चालणार नाही, झाक. माझ्याकडे मावशीची शाल होती आणि माझी टोपी होती. शाल डुकराच्या अंगावर लपेटली, टोपी त्याच्या डोक्यावर बसवली आणि त्याला खिडकीपाशी बसवलं. दोन तिकिटं काढली. इथवर इंग्रजीत सांगताना माझा आवाज अगदी सरकारी होता.

तिसऱ्या थांब्यावर औषधाच्या दुकानातली रोवेना चढली. मला खोकला नसताना खोकल्याच्या अकरा बाटल्या मी तिच्याकडून घेतल्या आहेत. तिनं शालीकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, बरं नाही का त्यांना?

फोनमधून मावशीचं हसणं आलं. मी बटण थांबवलं.

"त्यावर मी तिला खरा प्रकार समजावून सांगितला," मी इंग्रजीत म्हणालो.

"खोटं."

कुणीतरी टागालोगमध्ये म्हणालं. मी मर्लीताईकडे बघितलं, तिनं मावशीकडे बघितलं, मावशी पलंगाकडे बघत होती. उशीवरून ब्रँट आजोबांची मान भिंतीकडून आमच्याकडे वळली होती. ते एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलत होते, पण हेल थेट बातांगासचा, हुबेहूब मावशीचा.

"'आजी आहे,' म्हणाला हा. आणि 'फार दिवस नाहीत आता' असंही म्हणाला."

जॅनिसबाईंचा हात फोनवरच राहिला. "बाबा?"

बाबांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते मावशीशी बोलत होते. "पोरगी फुलं घेऊन आजीला बघायला घरी आली. आजीला टेबलावर कापत होते. इथपर्यंत कळलं. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या गोष्टी बंद. तीन आठवडे. पुढं काय झालं, लुदी?"

टिबेट्स साहेब म्हणाले, काय म्हणताहेत ते? मी सांगितलं. स्वतःचा अपमान एकाच दिवशी दुसऱ्यांदा इंग्रजीत करण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. तीन वर्षं तो माणूस तिथे पडून आमचं बोलणं ऐकत होता आणि ऐकता ऐकता शिकला होता. मर्लीताईच्या सुनेचं भांडण, मांदोयांचा खोटा दात, माझ्या चारही परीक्षा, सगळं त्याला ठाऊक होतं. त्याची मालिका ऐन रंगात आलेली असताना आम्ही बंद पाडली होती. भिंतीला चार टाचण्या मारून.

मावशीनं फक्त ओठ पुढे काढले आणि माझ्याकडे नेले.

म्हणून मी सांगितलं, आमच्या भाषेत, आजोबांना. बसमधून उतरल्यावर रोवेना आधी चर्चमध्ये गेली होती. आजारी लोकांच्या यादीत तिनं 'दिमायुगा आजी' असं नाव घातलं, आणि मगच फुलं घेऊन घरी आली. तेव्हापासून पाद्री दर रविवारी ते नाव मोठ्यानं वाचतात आणि चारशे माणसं डुकरासाठी प्रार्थना करतात. ते डुक्कर होतं हे पाद्र्यांना सांगायची रोवेनाला लाज वाटते, मला तर वाटतेच. ती माझ्याशी बोलत नाही. पण दर रविवारी नाव आलं की आम्ही दोघं एकाच वेळी मान खाली घालतो. गेल्या रविवारी तिचे खांदे हलत होते.

आजोबा हसले. आवाज नव्हता, पलंग हलत होता. मग मर्लीताईला म्हणाले, सूप आण, आणि मीठ घाल जरा.

जॅनिसबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. हे सगळं तुम्हाला समजतं, बाबा, असं त्यांनी दोनदा विचारलं. बाबांनी भुवया उडवल्या.

"याचा अर्थ हो," मी म्हणालो.

बाईंनी नाक पुसलं आणि चुंबनाचं काय, असं जरा पडल्या आवाजात विचारलं. मर्लीताईनं सुपाचा वाडगा धरलेला असल्यामुळे ओठांनी कपाट दाखवलं. सगळ्यांनी कपाटाकडे बघितलं. पर्किन्सनी उठून ते उघडलं. आत पांघरूण होतं. डेलचा नवा सदरा फुकट गेला.

पर्किन्स म्हणाले की कायद्यानं असा नियम कामाच्या गरजेपुरताच करता येतो, आणि या खोलीत तरी गरज उलट्या बाजूची दिसते आहे. असा खटला त्यांनी आधी पाहिला नव्हता, कुत्र्यांतसुद्धा नाही. टिबेट्स साहेब बाहेर गेले आणि नोटीस स्वतःच्या हातानं उतरवून आले. चार टाचण्या, दहा सेकंद. मावशीच्या नावानं तयार ठेवलेला कागद मी खिशातच फाडला. तो फार बारीक फाडला गेला. तिच्या आधीच्या दोन्ही ताकिदी रद्द झाल्या. माझ्या दोन्ही फाइलीत अजून आहेत, कारण त्या काढा असं कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा फ्रिजचं दार मोकळं होतं. काकांनी गोळी घेतली आणि डबी माझ्यासमोर, भाताच्या भांड्याशेजारी ठेवली. मी खुर्चीत बसलो आणि वाट बघत राहिलो. मावशीनं माझ्या ताटात तीन मासे टाकले.

"गिळ आता," ती आमच्या भाषेत म्हणाली, "गार होईल मेल्या."

इतकं सुंदर वाक्य मी तीन आठवड्यांत ऐकलं नव्हतं.

प्रार्थना मात्र चालू आहेत. पाद्र्यांना सांगायची जबाबदारी कुणाची, यावर रोवेनाशी बोलायला हवं, आणि बोलायला काहीतरी निमित्त असावं म्हणून मी अजून पाद्र्यांना सांगितलेलं नाही. काल बातांगासहून माझ्या खऱ्या आजीचा फोन आला होता. वय शहाऐंशी. काय झालंय कळत नाही, म्हणाली, पण गेला महिनाभर गुडघे अजिबात दुखत नाहीत.